ट्रॅव्हल्स पहाटे येते, खोली दुपारी मिळते

पहाटे ४:४०

उशाशी फोन वाजतो. बोलणारा पाहुणा, पण त्याच्या मागून क्लीनरची आरोळी ऐकू येते, "अकोटवाले उतरा, अकोट!" एवढ्यावर माझा हिशेब होतो. काल संध्याकाळी पुण्याहून सुटलेली ट्रॅव्हल्स अकोटला लागली, म्हणजे पाऊण तासात अंजनगाव.

"काकू, झोपमोड केली तुमची. आम्ही पोचतोच आहोत. खोली लगेच मिळेल ना?"

बुकिंगवर वेळ लिहिलेली आहे. प्रवेश दुपारी दोनला, निघायचं सकाळी अकराला. त्याने ती वाचलेलीही असते. पण दुपारी दोनला आणून सोडणारी बसच नाही, तर तो तरी काय करणार?

आमच्या गावात शिरायच्या वाटाच पहाटेच्या आहेत. पुण्याच्या ट्रॅव्हल्स रात्रभर धावतात आणि उजाडता उजाडता परतवाड्याकडे जाताना आम्हाला ओलांडतात. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने निघालेला माणूस अकोल्याला अंधारातच उतरतो. अमरावती एक्स्प्रेसवाला थोडा मागून येतो, पण तोही सकाळचाच. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला आमच्या स्टेशनात थांबायची. ती अरुंद रुळांची गाडी बंद पडली आणि आता लोक तिचे रूळ पाहायला येतात. बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली खरी, पण विमानातून उतरून थेट माझ्या दारात आलेला पाहुणा अजून बघायचा आहे.

त्यामुळे मोठ्या शहरातल्या घरमालकाला अर्ली चेक-इन मागणारा अधूनमधून भेटत असेल, माझ्याकडे न मागणाराच विरळा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, सफाईला एक मावशी, आणि नळ येईल त्या दिवशी भरून ठेवलेली टाकी, एवढ्या भांडवलावर रोज ठरवायचं की पहाटे आलेल्याला दोन वाजेपर्यंत कुठे ठेवायचं.

फोनवर माझं उत्तर ठरलेलं असतं. "या. चहा आहे, आंघोळीला गरम पाणी आहे, सामान ठेवायला जागा आहे. खोलीचं काल रात्री बोललो तसंच." 'बघते' हा शब्द मी वापरत नाही. रात्रभर बसमध्ये आखडलेल्या माणसाला 'बघते' म्हटलं की त्याला 'हो' ऐकू येतं आणि दारात उभं राहून तो त्या होकाराची आठवण करून देतो.

५:३०

मार्गशीर्षातली थंडी. तिघं उतरतात, दोघे भाऊ आणि बहीण, पन्नाशीच्या आतबाहेरचे. धाकट्याच्या काखेत प्लॅस्टिकची फाइल आहे. ती फाइल बघितली की कशासाठी आले ते विचारावं लागत नाही.

आमच्या घराला पुढे ओसरी आहे. तिला लागून पूर्वी धान्याच्या कोठ्या असायच्या ती खोली मी रिकामी करून घेतली आणि तिथे दोन दिवाण, चार्जिंगचे चार प्लग, खुंट्या, आरसा अशी सोय केली. मागच्या अंगणात गीझर बसवलेलं न्हाणीघर, संडास वेगळा. या बैठकीचे पैसे मी घेत नाही. बुकिंग असलेला कोणीही पहाटे चारपासून इथे येऊन आंघोळ करू शकतो, पाठ टेकू शकतो. घर भाड्याने द्यायला लागल्यापासून केलेल्या खर्चात हा सगळ्यात शहाणपणाचा, वरच्या खोलीतल्या टीव्हीपेक्षा तर नक्कीच. पहाटेच्या माणसाला बहुतेक वेळा पलंग नको असतो. त्याला तोंड धुवायचं असतं, कपडे बदलायचे असतात आणि बॅग कुणाच्या तरी नजरेखाली ठेवायची असते. हे तिन्ही झालं की 'खोली कधी' हा प्रश्न निम्म्याने मऊ होतो.

चहा उकळेपर्यंत रजिस्टर. इथे मात्र दोनची वाट पाहायची नाही. माणूस घरात आला ती वेळ लिहायची, ५:४०. मुक्कामाला देण्याच्या जागांवर नजर ठेवणारा सराया कायदा १८६७ चा आहे. आमच्यासारख्यांना कोणकोणती नोंदणी लागू होते यावर वकील वाद घालोत, पण चौकशी होते ती कोण आलं आणि कधी आलं याची. त्यांना खोलीची किल्ली किती वाजता दिली हे कोणी विचारत नाही. परदेशी नागरिक असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते आणि ते तासही माणूस पोचल्यापासून मोजलेले बरे. आधार कार्डाची मी शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत मागते. पुण्याच्या बहिणीला हे माहीत होतं, दोघा भावांना नव्हतं.

६:१५

आता पैशाचं. आल्या पाहुण्याजवळ पैशाचं बोलणं वऱ्हाडात जड जातं. घरी आलेल्याला आधी जेवू घालायचं, काम मागून विचारायचं, अशात आम्ही वाढलो. म्हणून हे बोलणं मी आदल्या रात्री फोनवर उरकते आणि सकाळी फक्त आठवण देते.

माझा दर एका रात्रीला चौदाशे. सकाळी आठच्या आत खोली हवी असेल आणि ती आदल्या रात्री रिकामी असेल, तर अर्धा दर जास्त. आठनंतर खोली तयार असेल तर काही नाही. पहाटे पाचला खोली हमखास हवी म्हणणाऱ्याने आदली रात्रही धरून बुकिंग करावं, कारण मग त्या रात्रीसाठी मी दुसऱ्या कोणाला हो म्हणत नाही.

"खोली रिकामीच होती ना काकू, मग तुमचं काय गेलं?" हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो वावगाही नाही. शनिवारी पहाटे साडेपाचला येऊन रविवारी रात्रीच्या बसने जाणारा माणूस बघा. सामान बैठकीत ठेवून तो रविवारी संध्याकाळपर्यंत असतो, घर दोन दिवस वापरतो आणि पैसे एका रात्रीचे देतो, कारण दुसरी त्याने बसमध्ये काढलेली असते. सकाळची खोली फुकट द्यायला लागलं की दोन रात्री घेणाराही एकच घेतो. त्याला दोष नाही, मीही तेच केलं असतं.

या तिघांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना रात्र नकोच आहे. वडिलोपार्जित शेताची वाटणी चालू आहे, महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खालची. साडेदहाला तहसीलमध्ये पोचायचं, पाच-सहापर्यंत तिथेच, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत पुणे. गावात सख्ख्या चुलतभावाचं दुमजली घर आहे. तिथे उतरायची सोय नाही, कारण कागदावर तोच समोरच्या बाजूला.

असे पाहुणे अंजनगावात पुष्कळ. पोरं पुण्या-मुंबईला गेली, शेतं इथे राहिली. कुणाचा फेरफार, कुणाचं वारस लावणं, कुणाचा संत्र्याच्या बागेचा सौदा. बुकिंगच्या ॲपला मात्र रात्र मोजता येते, दिवस मोजता येत नाही. म्हणून फोनवरून येणाऱ्यांसाठी मी दिवसाची खोली सुरू केली, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, नऊशे रुपये. काल दक्षिणेकडची खोली रिकामी होती. तिघांना किल्ली दिली आणि बहीण आंघोळ करून दोन तास गाढ झोपली.

ॲपवरून आलेल्याकडून लवकर येण्याचे जास्तीचे पैसे हातात घ्यायचे नाहीत, ते ॲपमधूनच मागायचे. नियम तसा आहे आणि भांडण झालंच तर लेखी काही राहतं. शिवाय एअरबीएनबीवर पाहुणा ज्या सहा गोष्टींना तारे देतो त्यात स्वच्छता, संवाद, जागा, मोल यांच्या जोडीला चेक-इन हीसुद्धा एक आहे. हसून सोफ्यावर बसवलं तरी पाच तारे पडतात, आणि खोली लवकर देऊनही कपाळाला आठी घातली तर चार.

७:३०

दुसरा फोन. ही लग्नघरची. उत्तरेकडची खोली यांनी आजसाठी घेतली आहे, नवरीच्या तयारीला.

"काकू, मेकपवाली आठला येऊन राहिली. खोली उघडून ठेवा."

खोलीत नागपूरचं एक जोडपं झोपलेलं आहे. त्यांची वेळ अकराची. गेल्या आठवड्यात मी लग्नवाल्यांना सांगितलं होतं की सकाळी आठला हवी तर आदल्या रात्रीपासून घ्या. "एका रात्रीचे पैसे उगाच कायले?" असं म्हणून त्यांनी नको म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरकरांनी ती रात्र घेतली.

येणाऱ्यासाठी जाणाऱ्याला उठवायचं नाही. हा माझ्या घरातला सगळ्यात पक्का नियम आहे, आमदाराची शिफारस आली तरी मोडत नाही. ज्याने अकरापर्यंतचे पैसे दिले त्याच्या दारावर साडेसातला टकटक झाली, तर अकरा हा आकडा लिहायचाच कशाला?

मी लग्नघरच्या ताईला मला नक्की देता येईल तेवढं सांगितलं. "अकराला ते निघतील, साडेबाराला खोली. त्याआधी निघाले तर त्याआधी. मेकपवालीला बैठकीत बसवते, पण नवरीला तिथे कपडे बदलायला लावू नका, येता-जाता माणसं असतात." ताई चिडल्या. मुहूर्त एकचा, त्यांचंही खरं होतं. पण खोटी आशा लावून त्यांना आठला दारात आणलं असतं तर त्या चिडण्याला नवरीचं रडणंही जोडलं गेलं असतं.

८:१५

नाश्ता. तर्री-पोहे, वरून शेव, बाजूला लिंबू. नागपूरचे दोघे खाली आले. तो इतिहासवेडा, ती त्याची गाडी चालवणारी. १८०३ च्या लढायांच्या वाटेने निघालेत. काल अकोला जिल्ह्यातलं अडगाव पाहिलं. इंग्रज ज्याला आरगाव लिहितात ते हेच, २९ नोव्हेंबरला तिथे लढाई झाली. आज गाविलगड, तो पडला १५ डिसेंबरला. मग दोनच दिवसांत देवगावला नागपूरकर भोसल्यांचा तह आणि ३० डिसेंबरला आमच्या गावी शिंद्यांचा. शाळेत सुर्जी-अंजनगावचा तह सगळ्यांनी पाठ केलेला असतो, पण हे गाव नकाशावर कुठे आहे ते इथे येईपर्यंत फारसं कोणाला ठाऊक नसतं. तहाची जागा दाखवा म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आधी देवनाथ मठ दाखवते आणि मग पानमळा. पांगारा-शेवरीच्या सावलीत चढलेले नागवेल आणि जवळपासच्या वाफ्यांतली पानपिंपरी बघून माणूस तह विसरतो.

मी त्यांना घाई केली नाही. फक्त रोज जाणाऱ्यांना विचारते ते विचारलं, "आज किती वाजता निघणं आहे?" चिखलदऱ्याला ऊन चढायच्या आत पोचायचंय, म्हणून नऊला निघतो म्हणाले. लग्नघरचं त्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चांगली माणसं होती, साडेआठलाच निघाली असती, अर्धवट आवरून. पण लग्नवाल्यांशी त्यांचा काय संबंध?

९:०५ ते १०:३५

अर्ली चेक-इनचा सगळा जीव या दीड तासात आहे. बाकी सगळं बोलणं.

मावशी नऊलाच हजर, पण आल्या आल्या म्हणाल्या, "वयनी, आज मले बारा वाजता जा लागते. गुरुवार हाय, घट मांडाचा हाय." मार्गशीर्षातले गुरुवार मी कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवलेले असतात. त्या दिवशी दोन्ही खोल्या एकाच दुपारी बदलाव्या लागतील असं बुकिंग घेतच नाही.

मी चादरी-अभ्रे काढते, मावशी न्हाणीघर घेतात. न्हाणीघर आधी, कारण ते वाळायला वेळ लागतो आणि ओल्या फरशीवर पाऊल पडलं की पाहुण्याला ते धुतलेलं न वाटता वापरलेलं वाटतं. जाळीतले केस, आरशावरचे थेंब, बादलीचा तळ. मग पलंगाखालून झाडू, खिडकीच्या कठड्यावर ओलं फडकं, गादी उलटून दहा मिनिटं उन्हात. आमच्या गावाची खास डोकेदुखी म्हणजे पान. इथलं पान इतकं चांगलं की न खाणाराही रात्री जेवल्यावर एक खातो आणि अभ्र्याला त्याची सही करून जातो. कात-चुन्याचा डाग लगेच लिंबू चोळून धुतला तर निघतो, दुपारपर्यंत ठेवला तर मुक्कामालाच राहतो.

खोली लवकर द्यायची ताकद मनाच्या मोठेपणात कमी आणि कपाटातल्या चादरींत जास्त असते. प्रत्येक पलंगामागे माझे तीन संच आहेत, एक अंथरलेला, एक धुण्यात, एक घडी घातलेला. दोनच असताना मी दोऱ्याकडे बघत बसायची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पिळलेली चादर पोहे होईपर्यंत वाळते. तेव्हा धुणं सोपं, पण कुलरमध्ये पाणी भरायचं काम वाढतं आणि त्यालाच पाणी पुरत नाही. श्रावणात उलटं. चिखलदऱ्याचं धुकं बघायला निघालेले लोक शनिवार-रविवारी रांगेने येतात आणि दोऱ्यावरचं कापड दोन-दोन दिवस दमट राहतं. पावसाळ्यातल्या शनिवारी लवकर खोली मागणाऱ्याला मी बहुधा नाही म्हणते. ओलसर वासाच्या पलंगावर आठला निजण्यापेक्षा कोरड्या पलंगावर दोनला निजावं.

शेवटी मी स्वतः खोलीच्या मध्ये उभी राहून पाहुण्याच्या उंचीने एकदा बघते. मग गुडघ्यावर बसून एकदा. मावशी हसतात. पण बॅग उघडायला माणूस खाली बसतोच आणि कोपऱ्यातलं जाळं त्याला तेव्हाच दिसतं.

१०:३५ ला किल्ली लग्नघरच्या हातात. मेकपवालीने तोवर बैठकीत नवरीच्या बहिणींचे केस आवरून घेतले होते, त्यामुळे वेळ वाया गेला नाही. "दोनची खोली साडेदहाला दिली," हे मी बोलून दाखवलं नाही, बिलावर मात्र लिहिलं: प्रवेश १०:३५, जादा आकार शून्य. असं लिहिलेलं असलं की पुढच्या वेळी त्यांच्या ओळखीतला कोणी आला तरी वेळ दोनचीच राहते.

दुपारी २

हीच ती अधिकृत वेळ. दारात कोणी नाही. ऊन ओसरीच्या पहिल्या खांबापर्यंत आलंय, दोऱ्यावर चादरी सुकताहेत, मी जेवून वर्तमानपत्र वाचते. बरोबर दोनला येऊन बेल वाजवणारा पाहुणा मी फार क्वचित पाहिला आहे. मग तीच वेळ ठेवायची कशाला, असं आमचे हे विचारतात. ठेवायची, कारण मागणीचं मोजमाप तिथून सुरू होतं. वेळ बाराची केली तर पहाटेची बस काही उशिरा येणार नाही, फक्त माझे दोन तास जातील.

संध्याकाळी ५:५०

तिघं परतले. चुलतभाऊ आलाच नाही, पुढची तारीख पडली. थोरला गप्प, धाकटा फाइल दिवाणावर आपटून बसला. बहीण म्हणाली, "काकू, परत येणं आलं. तीच खोली ठेवाल? दिवसाचीच."

तारीख लिहून घेतली. आगाऊ तीनशे घेतले, कारण तारखा पुढे ढकलल्या जातात आणि तेव्हा मला कळवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यांना सांगितलं की दोन दिवस आधी कळवलं तर तीनशे परत. निघताना बहिणीने बाजारातून घेतलेला पानांचा पुडा दाखवला, सासूबाईंसाठी. ट्रॅव्हल्स साडेसातची. सातला खोली सोडायची, तरी सव्वासातपर्यंत मी वर गेले नाही.

रात्री ९:३०

दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आता, आणि त्याला अर्धा तास लागतो. उद्या येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न, "कोणत्या गाडीने येताय?" किती वाजता येताय असं विचारलं की लोक अंदाज सांगतात. गाडी विचारली की वेळ मलाच कळते. उद्या जाणाऱ्यांनाही एक प्रश्न, निघणार कधी. शहानूरच्या बाजूने जंगलात जाणारे पहाटे अंधारातच निघतात. त्यांची खोली सात वाजता हातात येते आणि ट्रॅव्हल्सवाल्यांना नऊला देता येते. अशी जोडी जुळली की मावशीला रात्रीच फोन करून ठेवते.

उद्याचं जुळत नाहीये. नवरीच्या मैत्रिणी रात्र राहणार आणि अकराच्या आत उठणार नाहीत. दुसऱ्या खोलीचे पैसे एका बियाण्याच्या कंपनीवाल्याने आदल्या रात्रीपासून भरले आहेत, तो कधीही येवो, ती त्याची. आणि ॲपवर एक नवा निरोप आहे: पुण्याहून पाच जण, आजच निघालेत, पहाटे पाचला पोचतील, उद्याची रात्र हवी, खोली पाचलाच.

खोली पाचला मिळणार नाही, साडेबाराला मिळेल, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. दुसऱ्या ओळीत बैठक, चहा, आंघोळ, सामान. तिसऱ्या ओळीत लिहिलं की पाचाच्या पाचांना पहाटे पडायचंच असेल तर परतवाड्याला लॉज आहेत, बस तिथपर्यंत जाते, मला वाईट वाटणार नाही.

सात मिनिटांनी उत्तर आलं. "चालेल. गरम पाणी पाचही जणांना पुरेल ना?"

गीझर पंधरा लिटरचा आहे. मी लिहिलं की दोघांना लगेच पुरेल, उरलेल्यांना वीस-वीस मिनिटं थांबावं लागेल, तोवर पोहे खा. मग गजर सव्वाचारचा लावला.